सबब घरात सांगू नये

तरसाली, बडोदे
ता. १२ जून २०२५

ती. स्व. वामनदादा यांस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईल सिद्धार्थच्या हातात गेला की तो बापाच्या वतीने स्वतःचीच उत्तरं देतो. म्हणून पोस्टाचे पैसे घालवते आहे.

बातमी अशी की मी बाबांच्या नावाने पेन्शनचा अर्ज केला आहे. गोव्याच्या सत्याग्रहात गेलेल्या माणसाची मुलगी बिनलग्नाची आणि बिनउत्पन्नाची असेल, तर तिला सरकार निवृत्तिवेतन देतं. मी दोन्ही आहे. हे मला हिंमतरावांनी सांगितलं. दर पंधरा ऑगस्टला हुतात्म्यांच्या नातेवाइकांचे सत्कार करणारी जी समिती आहे, तिचे ते अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि बहुधा एकमेव सभासद. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढला आणि शाल परत मागून घेतली, कारण पुढच्या बाईला तीच घालायची होती. मी नारळ मात्र सोडला नाही.

कचेरीत काय थाट म्हणून सांगू! माझं लग्न झालेलं नाही याचा दाखला आणायला सांगितला, वर दोन साक्षीदार. चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी पळवून नेलं नाही हे शपथेवर सांगायला मी समोरच्या मितालीबेनला आणि दूधवाल्याला घेऊन गेले. दूधवाल्याने तर माझ्याकडे कौतुकानेच पाहिलं.

खरं कारण तुला ठाऊक आहेच. मी राहते ते हे टेनामेंट घर तू सिद्धार्थच्या नावावर केलंस आणि त्याला ते दिवाळीपर्यंत विकायचं आहे. मला त्याने पुण्यातल्या एका वृद्धाश्रमाचं रंगीत पुस्तक पाठवलं आहे, त्यात सगळ्या म्हाताऱ्या हसताहेत. मला हसायचं नाही. दरमहा हातात काही पडलं तर इथेच तरसालीत एक खोली भाड्याने घेईन आणि कुणाचे उपकार न घेता डोळे मिटीन. दादा, मला एवढंच हवं आहे.

बाबांचा कुठलाही कागद तुझ्याकडे असेल तर पाठव. तू मोठा, आजोबांची ट्रंकही तुझ्याकडेच गेली.

तुझ्या सूनबाईला, आभाला, आणि मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा, आणि माझ्यावरचा जीव आहे तितका तरी राहू दे.

तुझी
पद्मा

*

पुणे
ता. २१ जून २०२५

चि. पद्मास,
वामनचे अनेक आशीर्वाद. विशेष असे की,

तुझे पत्र पावले. वाचून फार वाईट वाटले. आपल्या तीर्थरूपांनी मातृभूमीसाठी देह ठेवला, तो काय महिन्याच्या महिन्याला टेबलावर वसूल करण्यासाठी? मी इथे दर वर्षी आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर दोन शब्द बोलतो. लोक मला हुतात्म्याचा पुत्र म्हणून ओळखतात. गेल्या वर्षी तर सभागृहात बायकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ज्या त्यागाचा मोबदला मागितला त्याला त्याग म्हणत नाहीत, हे मी तेव्हाही सांगितले होते.

आईनेही कधी मागितले नाही, हे विसरू नकोस.

सिद्धार्थ तुझ्या भल्याचेच पाहतो आहे. आश्रमात डॉक्टर रोज येतो, बागही आहे. तू लहानपणापासून हट्टी. पाणीगेटच्या घरी पाच वर्षांची असताना पतंगासाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसली होतीस, ती अजून खाली उतरलेली दिसत नाहीस.

कागद म्हणशील तर माझ्याकडे काही नाही. ट्रंकेत आजोबांच्या संस्थानातल्या, खानगी खात्यातल्या नोकरीचे हुकूम तेवढे होते, त्यांना वाळवी लागली. अर्ज मागे घे, हे वडील भाऊ म्हणून सांगतो.

उन्हात फिरू नकोस. दादाचे बोलणे मनाला लावून न घेता माया कायम ठेवावी.

तुझा
वामनदादा

*

तरसाली, बडोदे
ता. ३ जुलै २०२५

ती. वामनदादास,
नमस्कार वि. वि.

त्यागावरचं तुझं प्रवचन पोचलं. बाबांनी देह ठेवला आणि तू त्यावर इतकी वर्षं भाषणं ठेवलीस. मोबदल्याची एवढी शिसारी असेल तर झेंडावंदनाला पहिल्या रांगेतली खुर्ची का घेतोस? मागे उभा राहत जा.

आता ऐक. अर्ज परत आला. कचेरीतला अधिकारी फार गोड माणूस, दर वाक्याला पद्माबेन म्हणतो. त्याने पद्माबेन पद्माबेन करत मला दोन कागद दाखवले. पहिला माझ्या शाळेचा, सन १९५७. वडिलांच्या रकान्यात आईच्या अक्षरात लिहिलं आहे: हयात, परगावी. दुसरा म्युनिसिपालिटीचा मृत्यूचा दाखला. नाव विश्राम कारखानीस, मृत्यू नोव्हेंबर १९६७, ठिकाण बडोदे, कारण ताप. खबर देणाराची सही तुझी.

त्याचं म्हणणं, तुमचे वडील गोव्यात गेलेच नाहीत, बारा वर्षांनी इथे घरी तापाने गेले. मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा सत्याग्रहाला गेले ते परत आले नाहीत, कुठे काही कळलं नाही. बेळगावच्या तुकडीबरोबर गेले, म्हणून बडोद्याच्या यादीत नाव नाही. आमच्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. माझ्या भावाने तो दिला. अधिकारी मोठ्या सहानुभूतीने म्हणाला की दाखल्यात पुतळ्याचा उल्लेख नाही.

मला आठवतं आहे सगळं. मी सोळा वर्षांची होते. तुझं प्रतिमावहिनींशी ठरलं होतं आणि भटजी अडून बसले होते. वडील हयात असतील तर लग्नाआधीच्या नांदीश्राद्धात पितरांची नावं एका रीतीने घ्यायची, नसतील तर दुसऱ्या. तेव्हा एकदाचं काय ते सांगा, म्हणाले. म्हणून घाईने बारा वर्षं मोजली. त्या दिवशी आईने कुंकू पुसलं. पण तू स्मशानातून परस्पर म्युनिसिपालिटीत जाऊन आलास हे मला आज कळतं आहे. पळसाच्या पानांना कसला ताप आला होता रे?

तुझ्या लग्नाच्या मांडवात अडचण नको म्हणून तू बापाला तापाने मारलंस, आणि आता पुण्यात त्यालाच गोळीने मारून टाळ्या घेतोस. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरव.

मला सरळ सांग. बाबांचं काय झालं हे तुला कधी कुणाकडून कळलं होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

राग आहे, तरी तुझ्या औषधांच्या वेळा चुकवू नकोस.

पद्मा

*

पुणे
ता. १४ जुलै २०२५

चि. पद्मास,
आशीर्वाद. विशेष असे की,

तुझी भाषा वाचून आभा घाबरली. तिने पत्र मला पूर्ण द्यावे की नाही असा विचार केला. असो. मी मोठा आहे, मी पोटात घालतो.

नोंदीबद्दल म्हणशील तर कारकुनाने कारण विचारले, आणि काहीतरी सांगणे भाग होते. पुतळा म्हटले असते तर त्याने नोंदच घेतली नसती. मुलीकडच्यांना कागद हवा होता. तेवीस वर्षांचा होतो, एवढे कुठे कळते.

तुझे पत्र आल्यावर मी माळ्यावरचे सामान पुन्हा काढायला लावले, आणि ईश्वराची लीला पाहा! आजोबांच्या ट्रंकेच्या अस्तराखाली एक कागद सापडला. आजवर माझ्या दृष्टीस पडला नव्हता. दत्ताजीराव नावाच्या बेळगावच्या कुणी सत्याग्रहीने आजोबांना लिहून दिलेला आहे. तुझ्या कचेरीला मूळ कागद लागतात, म्हणून अस्सलच पाठवीत आहे. मागच्या बाजूला आजोबांनी मोडीत काही टिपण केले आहे. त्यांच्या सवयीप्रमाणे आवक-जावक असणार, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

कागद दाखल कर, आणि हा विषय इथेच मिटवू या. सिद्धार्थला मी खोलीबद्दल बोलेन.

पावसापाण्याचे दिवस आहेत, जपून राहावे व मनात किंतु धरू नये.

तुझा
वामनदादा

*

तरसाली, बडोदे
ता. २२ जुलै २०२५

वामनदादा,

कागद पोचला. आधी पुढची बाजू.

दत्ताजीरावांनी लिहिलं आहे की पंधरा ऑगस्ट पंचावन्न रोजी सरहद्द ओलांडताना विश्राम त्यांच्या उजव्या हाताला चालत होता. गोळी गळ्याखाली लागली. दोनदा उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तिथेच सोडून मागे यावं लागलं. हे सांगायला मी सप्टेंबरच्या नवव्या तारखेला बडोद्यास समक्ष आलो, असं खाली लिहून सही केली आहे.

मधे चार ओळी आणखी आहेत. सरहद्दीवर जाण्याआधी सगळ्यांनी एकमेकांजवळ घरचे निरोप देऊन ठेवले होते. बाबांचा निरोप आईला होता. आपण परतलो नाही तर तिने वाट पाहू नये, मुलांना घेऊन इंदूरला तिच्या वडिलांकडे जावं आणि नर्सिंगचं राहिलेलं शिक्षण पुरं करावं. मी त्या ओळी उभ्याने वाचल्या आणि मग ओट्याशी खालीच बसले. मितालीबेनने येऊन गॅस बंद केला. दादा, आपल्या बापाने तिला सोडवलं होतं रे.

आता मागची बाजू. मी दोन हिवाळे मांडवीजवळच्या वर्गात मोडी शिकायला जात होते, आणि या वयात बाराखडी गिरवते म्हणून तू फोनवर हसला होतास. ते तू विसरलास. आजोबा संस्थानचे कारकून, कागद हातात आला की मागे शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पापावरसुद्धा त्यांनी शेरा मारून ठेवला आहे. वाचून दाखवते:

“सदरहू कागद चि. वामन यास दाखविला. सून कळताच इंदुरास जाईल व घरची व्यवस्था बिघडेल, सबब घरात सांगू नये.” त्याखाली दुसऱ्या शाईत, सन १९६५: “चि. वामन याचे हवाली केला.”

घरची व्यवस्था म्हणजे काय ते तुला सांगायला नको. अकरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, आजीचं अंथरूण, कपडे, भांडी. फुकटात मिळालेली स्वयंपाकीण हातची जाऊ नये म्हणून त्या म्हाताऱ्याने तिचा नवरा बारा वर्षं जिवंत ठेवला. आणि आपण या आजोबांच्या फोटोला हार घालत होतो! मी काल तो फोटो भिंतीवरून काढून रद्दीत ठेवला.

आणि तू. आजवर दृष्टीस पडला नव्हता म्हणे. ईश्वराची लीला म्हणे. एक्क्याऐंशीव्या वर्षी बहिणीशी खोटं बोलताना देवालाही कामाला लावतोस, तुझी कमाल आहे.

कागद मी कचेरीत दाखवला. पद्माबेनवाले साहेब खुर्चीतून उठले. पण सत्तर वर्षं तो कुणाच्या ताब्यात होता आणि आधी का दाखवला नाही, याचं ज्याच्याकडे होता त्याने प्रतिज्ञापत्र दिलं पाहिजे, म्हणाले. मुदत एकतीस ऑगस्ट. ते तुला करावं लागेल. जुन्या सामानात सापडला असं लिहून पाठवलंस तर मी ते परत पाठवीन. मग पेन्शन गेली तरी चालेल, मी त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसेन. पण तुला सुटू देणार नाही.

आधी मला लिही. सगळं.

पद्मा

*

पुणे
ता. २ ऑगस्ट २०२५

प्रिय पद्मा,

तीन पत्रे लिहून फाडली. हे तसेच टाकतो.

दत्ताजीराव आले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आजोबांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवले आणि दार लोटून घेतले. आईने आतून चहा पाठवला, तो मीच नेऊन दिला. कुणी ओळखीचे कारकून आले असतील असे तिला वाटले. दत्ताजीराव तिला भेटू पाहत होते. आजोबा म्हणाले की सून आजारी आहे, तिला पेलवेल तेव्हा मी सांगेन. तो साधा माणूस, पाया पडून निघून गेला. मग आजोबांनी मला जवळ घेऊन कागद वाचायला लावला आणि देवावर हात ठेवायला लावला. आईचे कुंकू तुझ्या हातात आहे, म्हणाले. मला ते खरे वाटले. मी आईचे भले करतो आहे असेच मला वाटत होते.

ते अकराव्या वर्षाचे. एकविसाव्या वर्षी कागद माझ्या हातात आला तेव्हा मला सगळे समजत होते. सांगितले असते तर तिने पहिल्यांदा विचारले असते, तुला कधीपासून माहीत आहे. त्या प्रश्नाला मी भ्यालो. मग प्रतिमाचे ठरले.

पुतळ्याच्या दिवशी सकाळी आई माझ्यापाशी आली. तुला माहीत नाही, तू पाणी भरत होतीस. तिने विचारले की इतक्या वर्षांत तुझ्या कानावर कधी काही आले असेल तर आत्ता सांग, म्हणजे मी सुखाने पुसते. मी नाही म्हणालो. ती आत गेली.

झेंडावंदनाला बोलताना मला प्रत्येक वेळी हे आठवते. तरी बोलतो. लोक टाळ्या वाजवतात तेवढा वेळ बरे वाटते.

तू म्हणशील ते लिहून देतो.

वामन

*

तरसाली, बडोदे
ता. ९ ऑगस्ट २०२५

वामनदादा,

वाचलं. आईने तुला विचारलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. आता वाटतं, ठाऊक नसतं तर बरं होतं.

अकरा वर्षांच्या पोराबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याला आजोबांनी राबवून घेतलं, जसं आईला घेतलं. तेवीस वर्षांच्या नवऱ्यामुलाची मला किळस वाटते. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, दोन दिवस थांबून लिहिते आहे.

प्रतिज्ञापत्रात तीर्थरूप, मातृभूमी, ईश्वर यांतलं काहीही नको. कागद मला १९५५ साली दाखवला, १९६५ पासून माझ्याकडे होता, मी तो आईपासून लपवला, १९६७ ची नोंद मी खोटी केली. एवढ्या चार ओळी. नोटरीकडे सिद्धार्थला बरोबर ने आणि त्याला मोठ्याने वाचायला लाव, म्हणजे कुणाच्या घामावर घरं उभी राहतात ते त्यालाही कळेल.

पद्मा

*

पुणे
ता. १९ ऑगस्ट २०२५

प्रिय पद्मा,

प्रतिज्ञापत्र सोबत आहे. चारच ओळी आहेत. सिद्धार्थने चारही मोठ्याने वाचल्या. परत येताना रिक्षात त्याने कागद मागून घेऊन पुन्हा एकदा वाचला.

पंधरा तारखेला मी खाली गेलो नाही. सोसायटीचे सेक्रेटरी बोलवायला आले. मी त्यांना प्रत वाचायला दिली. पुढच्या वर्षी ते बोलावणार नाहीत.

मी पुष्कळ वर्षे एक वाक्य मनात घोकले आहे, ते आता लिहितो. मला क्षमा कर. आईच्या वतीने तूच करू शकतेस, दुसरे कुणी उरलेले नाही.

वामन

*

तरसाली, बडोदे
ता. २० नोव्हेंबर २०२५

वामनदादास,
नमस्कार.

पेन्शन मंजूर झाली. हिंमतराव शाल घेऊन धावत आले. मी शाल ठेवून घेतली आणि फोटो काढू दिला नाही. मितालीबेनच्या मागच्या बाजूची खोली घेतली आहे, पहिल्या तारखेला राहायला जाते. सिद्धार्थचा फोन आला होता की घर विकत नाही, हवं तितके दिवस राहा. त्याला म्हटलं, तू घर खुशाल वीक बाबा, मला माझ्या बापाने खोली घेऊन दिली आहे.

क्षमेचं विचारलंस. तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं. आईच्या वतीने मी काही करू शकत नाही. तिच्या वतीने तू एकदा ठरवलंस, आजोबांनी एकदा ठरवलं, आता मी तिसरी होणार नाही. माझ्या वाटचं म्हणशील तर या हिवाळ्यात जमलं तर ये. खोली लहान आहे पण दोन माणसं झोपतील. जेवायला घालीन, गुडघ्यांना तेल लावून देईन. तुझ्याकडे पाहून मला किळस येईल की रडू येईल ते तू आल्यावरच कळेल.

मंजुरीबरोबर एक शेवटचा नमुना भरायचा होता. त्यात मृताच्या पत्नीचा रकाना होता, नाव आणि वैधव्य केव्हापासून. साहेब म्हणाले की तो भरायलाच हवा असं नाही, त्या आता हयात नाहीत. मी भरला. आईचं नाव लिहिलं, आणि पुढे १५ ऑगस्ट १९५५. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ज्या बाईने तवा तापत असताना दाराकडे पाहिलं, तिला ही तारीख तिच्या घरातल्या एकाही माणसाने सांगितली नाही. ती मी परक्या कचेरीत, परक्या माणसापुढे लिहिली. माझा हात अजिबात थरथरला नाही. त्या दिवशी म्युनिसिपालिटीत ताप लिहिलेल्या नोंदीवर सही करताना तुझा थरथरला होता का, तेवढं मात्र येशील तेव्हा मला सांग.

तुझी बहीण
पद्मा विश्राम कारखानीस